असं का होतं? : हातावर थुंकी कशाला?

बालमित्रांनो, वाशीमकडच्या एखाद्या खेड्यात थंडीच्या सकाळी लाकडं फोडणारे आजोबा पाहिलेत का? कुऱ्हाड उचलण्याआधी ते तळहातावर चक्क थुंकतात अन् हात चोळतात. आपण म्हणतो, "शीः!" पण आजोबांना ठाऊक असतं, कोरड्या हातातून दांडा सटकतो.

असं का होतं? आपल्या त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा असतो. थोडा ओलावा मिळाला की तो मऊ पडतो, दांड्याला जास्त जागी टेकतो. घर्षण वाढतं, पकड बसते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हाच थर कडक होतो. म्हणून मग खूप पाणी लावायचं का? छे! मध्ये पाण्याचा थर आला की पुन्हा घसरगुंडी. हात हवा नुसता दमट. म्हणूनच तळहातावर घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, तेलाच्या मात्र नसतात.

आता करून पाहा. गादीवर बसा. स्टीलचा रिकामा पेला आधी कोरड्या बोटांनी उचला, मग बोटांवर तोंडाची वाफ सोडून आणि शेवटी साबणाच्या बोटांनी. दर वेळी किती दाबावं लागलं?

एवढं दाबायचं हे ठरवतं कोण? बोटांतल्या नसा! वस्तू किंचित जरी सरकली तरी त्या मेंदूला कळवतात आणि बोटं लगेच आवळतात. १९८४ साली स्वीडनच्या योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी दाखवलं, की वस्तू निसरडी असली की आपण नकळत जास्त दाबतो. बोटं बधिर केली, तर हा हिशेब चुकतो.

आईबाबा, हे तुमच्यासाठी. घाम आणि स्पर्श, दोन्हींचा कारभार नसांकडेच असतो. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तिथे घाम येत नसेल, चिमटा कळत नसेल, तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला, तर मात्र नसा दुबळ्या होतात अन् हाताची पकड जाते.

आणि मित्रांनो, आजोबांना सांगा : थुंकीऐवजी पाण्याचे दोन थेंबही चालतात!