दार आमचं, कडीही आमचीच

परवा रविवारी सौ.नं फर्मान काढलं, “अळूवडीला चिंच किती, तेवढं बघा हो कॉम्प्युटरवर!” बसलो. पान उघडलं मात्र, गुडघ्याचं तेल, टकलावरचा लेप आणि बदलापूरचा फ्लॅट एकदम अंगावर आले. बंद करण्याची फुली मुगाच्या दाण्याएवढी! ती दाबली, तर मी भलत्याच गावी : “अभिनंदन! तुम्हाला मोबाइल लागला!”

जाहिराती पेपरातही असतात. पण पेपर उघडणाऱ्याचं बखोट धरून त्याला कुणी दुकानात ओढत नेत नाही. अशा उपटसुंभ खिडक्यांचा जनक ईथन झुकरमन. त्यानं २०१४ साली जाहीर माफी मागितली. माफी आली, खिडक्या काही गेल्या नाहीत.

शेवटी भाच्यानं कडी दाखवली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स’ बंद ठेवायचं. पण क्रोम पडलं गूगलचं, आणि गूगलची मुख्य कमाई जाहिरातींची. म्हणजे फेरीवाल्याच्या पगारावरचा गुरखा! रेमंड हिल या गृहस्थाचं ‘यूब्लॉक ओरिजिन’ नव्या नियमांमुळे क्रोममधून गेलं, मागे उरलं त्याचं ‘लाइट’ भावंड. फायरफॉक्समध्ये मूळचं अजून चालतं. फुकट, आणि हा गृहस्थ देणगीसुद्धा घेत नाही! आम्ही मुक्काम तिकडे हलवला.

यावर शहाणे म्हणतात, “जाहिराती अडवल्यात तर फुकटची पानं जगायची कशी?” प्रश्न रास्त आहे. म्हणून जे सभ्यपणे दार ठोठावतात, त्यांच्यापुरती मी कडी काढतो; तसं बटण त्यात आहे. पण खिडकीतून उडी मारणाऱ्याला पाहुणा म्हणायला मी तयार नाही.

हे हसण्यावारी नेऊ नका. मी बँकेत काउंटरवर बसतो. एका पेन्शनर आजोबांनी मदतीचा नंबर शोधला आणि सगळ्यात वरच्या जाहिरातीतला फिरवला. तो बँकेचा नव्हताच! पासबुक पुढे करून ते एवढंच म्हणाले, “वरती होता हो!” यावर भरायची स्लिप आमच्याकडे नाही. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये याच कारणासाठी लोकांना सांगितलं, की जाहिराती अडवणारं साधन वापरा. पोलीसच कडी लावा म्हणत असताना, कडी लावणाऱ्याला चोर कसं म्हणता?

आता अळूवडीचं पान कसं स्वच्छ दिसतं! चिंचेचं प्रमाणही एकदाचं सापडलं : ‘अंदाजाने’.

त्यावर मात्र अजून कुठलं साधन निघालेलं नाही.