घरगुती पंचनामा

घरात लहान मुलाला इजा झाली म्हणजे तत्काळ जो पंचनामा होतो, त्यातला आरोपी आधीच ठरलेला असतो; आणि त्या बालकावर ‘द्वाडपणा’ हे एकच कलम लावले, की पुढील तपासाची गरज कोणासच भासत नाही. आमच्या वाड्यात चूल पेटविण्यापुरते रॉकेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ती मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवण्याचा वर्षानुवर्षांचा रिवाज होता, आणि वैशाखातल्या एका दुपारी, खेळून तहानलेल्या माझ्या तीन वर्षांच्या धाकट्या भावाने ती तोंडाला लावली. आत्याने त्याला मिठाचे पाणी पाजून वांती करविली. तिच्या मायेविषयी शंका नाही. परंतु रॉकेलचा खरा धोका पोटापेक्षा फुप्फुसांना अधिक, ओकारीबरोबर ते पातळ द्रव्य श्वासनलिकेत उतरते, म्हणून वांती मुळीच करवू नये, हे इस्पितळात डॉक्टरांनी सुनावीपर्यंत आम्हां कोणालाच ठाऊक नव्हते. आठ दिवस तापाने फणफणून तो बरा झाला. घरी येताच त्याला सक्त ताकीद मिळाली. बाटली मात्र कोनाड्यात कायम राहिली.

पुढे फिलाडेल्फियाच्या डॉ. शेव्हेलियर जॅक्सन यांची हकीकत वाचनात आली, तेव्हा ती बाटली मला पुन्हा आठवली. रुग्णांच्या घशांतून आणि श्वासनलिकांतून काढलेल्या टाचण्या, नाणी, बटणे अशा २,३७४ वस्तू या गृहस्थांनी जपून ठेविल्या, व त्या आजही तेथील म्यूटर संग्रहालयात आहेत. साफसफाईचा दाहक क्षार गिळून अन्ननलिका आक्रसलेली मुले त्यांच्याकडे येत. डब्यावर इशाऱ्याचे अक्षरही नसे. जॅक्सनांनी फिर्याद गुदरली ती डब्याविरुद्ध, आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९२७ साली अमेरिकेत अशा डब्यांवर ‘विष’ ही अक्षरे छापण्याचा कायदा झाला.

आपल्या न्हाणीघरातही असाच एक निर्दोष समजला जाणारा रिवाज आहे. बादलीत आधी कढत पाणी ओतायचे आणि मग विसण आणावयास जायचे! साठ अंशांचे पाणी प्रौढाची कातडी पाच-सहा सेकंदांत भाजते. बालकाची त्याहून नाजूक. थंड पाणी आधी भरले तर काय बिघडते, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही. त्यातून भाजलेच, तर शाई-हळदीचे लेप न थापता ती जागा वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावी.

हे सारे घरच्यांना ऐकवीत असता, माझ्या उशाशी असलेल्या रक्तदाबाच्या तांबड्या, साखरेचा मुलामा दिलेल्या गोळ्यांकडे सूनबाईने मुकाट्याने बोट दाखविले. नातू नुकताच उभा राहू लागला आहे. त्याच दिवशी गोळ्यांची रवानगी कपाटाच्या सर्वांत वरच्या, कुलपाच्या खणात झाली. त्यांच्यासाठी रोज रात्री उठून स्टुलावर चढावे लागते, याबद्दल माझी कुरकुर अद्याप चालू आहे.