हरलेले युद्ध, जिंकलेली कथा

लाल कापड, त्यावर निळी फुली आणि फुलीत तेरा पांढरे तारे: अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कॉन्फेडरसीच्या, म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाच्या, या युद्धध्वजावरून पिढ्यान् पिढ्या चाललेला वाद वरवर पाहता दोन भावनांमधला वाटतो. एकीकडे पूर्वजांच्या शौर्याचा अभिमान, दुसरीकडे पूर्वजांच्या दास्याची वेदना. दोन्ही भावना प्रामाणिक असू शकतात, म्हणूनच भावनांच्या आधारे या वादाचा निवाडा होत नाही. इतिहासाची कसोटी अधिक कठोर आहे. हे निशाण कोणत्या वर्षी, कोणी आणि कोणत्या इमारतीवर चढवले, एवढेच ती विचारते.

20 डिसेंबर 1860 रोजी साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटून निघाले आणि चारच दिवसांनी त्याने आपली कारणे जाहीरनाम्यात नोंदवली. त्यातून पेटलेले यादवी युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे पुढे दीडशे वर्षे सांगितले गेले. पण त्या जाहीरनाम्यातली ठळक तक्रार नेमकी उलटी होती. उत्तरेकडील राज्ये आपले स्वतंत्र कायदे पुढे करून पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, हे त्याचे दुःख होते. मार्च 1861 मध्ये कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सव्हाना येथे निःसंकोच सांगितले की, कृष्णवर्णीय मनुष्य गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच नव्या राष्ट्राची कोनशिला आहे. त्याच वर्षी जुलैत मनॅससच्या रणांगणावर धुरळ्यात दोन्ही पक्षांचे झेंडे सारखेच दिसू लागले, म्हणून ओळख पटण्यासाठी हा वेगळा युद्धध्वज घडवला गेला. जन्म सोयीतून झाला खरा; परंतु तो ज्या सैन्याची ओळख पटवत होता ते कशासाठी लढत आहे, याबद्दल त्याच्या नेत्यांनी कोणतीही संदिग्धता ठेवली नव्हती.

एप्रिल 1865 मध्ये कॉन्फेडरसीचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली. सुमारे चाळीस लाख माणसे गुलामीतून सुटली आणि पुढील पाच वर्षांत तीन घटनादुरुस्त्यांनी त्यांना स्वातंत्र्य, नागरिकत्व आणि पुरुषांपुरता मताधिकार दिला. या मुक्तीचे मोल सातासमुद्रापार पुण्यातही जाणले गेले. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला आणि तोच कित्ता आपले देशबांधव शूद्रातिशूद्रांच्या बाबतीत गिरवतील, अशी आशा व्यक्त केली. पण त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी लुइझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्या जमावाने कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल केली. 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यातील दोषसिद्धी रद्दबातल ठरवली आणि 1877 मध्ये दक्षिणेतील मुक्त नागरिकांच्या पाठीशी उभे असलेले संघराज्याचे सैन्य मागे घेण्यात आले. शस्त्रांनी जिंकलेले युद्ध शांततेत असे हातचे जात होते, आणि त्याच काळात इतिहासाचे पुनर्लेखनही चालू होते. कोनशिलेचे भाषण करणाऱ्या स्टीफन्स यांनीच युद्धानंतर जाडजूड ग्रंथ लिहून हा सारा लढा राज्यघटनेच्या अर्थासाठी होता, असे प्रतिपादन केले. रिचमंडचे पत्रकार एडवर्ड पोलार्ड यांनी तर 1866 मध्येच या पराभवाला ‘लॉस्ट कॉज’ म्हणजे गमावलेल्या ध्येयाचे करुणरम्य नाव देऊन टाकले होते.

या कथेला राजाश्रय मिळायला एक पिढी जावी लागली. मिसिसिपीने 1890 मध्ये मतदान कर आणि साक्षरतेच्या अटी घालून कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून तोडले आणि 1894 मध्ये आपल्या राज्यध्वजाच्या कोपऱ्यात युद्धध्वज बसवला. त्याच 1894 मध्ये दक्षिणेतील स्त्रियांची ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ ही संघटना स्थापन झाली. तिने गावोगावी पुतळे उभारले आणि शाळांच्या पाठ्यपुस्तकांवर करडी नजर ठेवली. युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, असा सल्ला खुद्द ली यांनी 1869 मध्ये दिला होता. त्यांच्या नावाचा जप करणाऱ्यांनीच तो बाजूला सारला.

पुढचा अध्याय याच साच्यातला आहे. 1948 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने नागरी हक्कांची बाजू घेताच फुटून निघालेल्या दक्षिणी गटाच्या सभांत हा झेंडा फडकू लागला. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि दोनच वर्षांत जॉर्जियाने तो आपल्या राज्यध्वजात घेतला. साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर तो 1961 मध्ये युद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने चढला, पण शताब्दी सरली तरी उतरला नाही. पूर्वजांचे स्मरण हाच हेतू असता, तर हा ध्वज युद्धातले सैनिक हयात असतानाच सर्वत्र दिसायला हवा होता. शासनाच्या इमारतींवर आणि निशाणांवर तो आला तो प्रत्येक वेळी कृष्णवर्णीयांचे हक्क काढून घेताना किंवा नाकारताना.

उतरवण्याचा इतिहासही तितकाच बोलका आहे. दीर्घ आंदोलनानंतर 2000 मध्ये साउथ कॅरोलायनाने झेंडा घुमटावरून काढला, तो त्याच आवारातील सैनिकस्मारकापाशी रोवण्यासाठी. 2001 मध्ये मिसिसिपीच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने जुनाच राज्यध्वज राखला. 17 जून 2015 रोजी साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची एका गोऱ्या तरुणाने हत्या केली. त्याची छायाचित्रे या झेंड्यासह होती, आणि एका छायाचित्रात त्याच्या जाकिटावर वर्णविद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या व ऱ्होडेशियाच्या निशाणांच्या पट्ट्या होत्या. ज्या राजवटी त्याच्या जन्माआधी किंवा जन्मवेळेच्या सुमारास संपल्या होत्या, त्यांची निशाणे त्याला अचूक कळली होती. त्यानंतरच, 10 जुलै 2015 रोजी, तो झेंडा विधानभवनाच्या आवारातून गेला.

दक्षिण आफ्रिकेने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. तेथील समता न्यायालयाने 2019 मध्ये वर्णविद्वेषी राजवटीतला 1928चा जुना ध्वज निष्कारण मिरवणे म्हणजे द्वेषमूलक भाषा होय, असे ठरवले. शैक्षणिक, कलात्मक किंवा वृत्तविषयक वापर मात्र मोकळा ठेवला. अमेरिकेच्या घटनेत अशा बंदीला जागा नाही आणि ती घटना बदलावी असे म्हणण्याचे कारणही नाही. आपल्या अंगणात कोणी काय फडकवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण शासनाची काठी सर्वांच्या करातून उभी असते.

2020 मध्ये मिसिसिपीनेही आपला ध्वज बदलला, तेव्हा अनेकांना प्रश्न संपल्यासारखा वाटला. सहाच महिन्यांनी, 6 जानेवारी 2021 रोजी, दंगलखोरांनी हा युद्धध्वज संसदभवनात मिरवला; लींच्या सैन्याला जे चार वर्षांत साधले नव्हते ते त्या दुपारी घडले. पुढे कॉन्फेडरेट सेनानींची नावे लष्करी तळांवरून काढली गेली आणि 2025 मध्ये त्याच आडनावाचे दुसरे सैनिक शोधून ती परतही आली. काठीवरून उतरलेली गोष्ट मनातून उतरतेच असे नाही, कारण तिला जिवंत ठेवणारी कथा अबाधित असते.

त्या कथेचे उत्तर तिच्याच आवडत्या शब्दात, वारशात आहे. 1860च्या जनगणनेनुसार साउथ कॅरोलायनाच्या सुमारे सात लाख लोकसंख्येतील चार लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. मिसिसिपीतही त्यांचेच बहुमत होते. या राज्यांचा वारसा म्हणताना ज्यांना निम्म्याहून अधिक पूर्वज मोजावेसे वाटत नाहीत, त्यांनी तो वारसा जपला असे कसे म्हणावे? 1860चा जाहीरनामा आणि 1861चे कोनशिलेचे भाषण दक्षिणेतील प्रत्येक शाळेत मुळातून वाचले गेले पाहिजे. पराभूतांच्या कथेने शंभर वर्षे वर्गावर राज्य केले. तिला हटवायचे तर लढाई तिथेच करावी लागेल.