हिरवळीचे पीक घेण्यापूर्वी शेताचा पूर्वेतिहास पाहावा

जमिनीचा कस राखण्यासाठी ताग, धैंचा, चवळी यांसारखी हिरवळीची व आच्छादनाची पिके घ्यावीत, हा सल्ला आपल्याकडे जुना आहे आणि योग्यही आहे. तणांचा बंदोबस्त तणनाशकांनी करावा, हा सल्ला त्या मानाने नवा. हे दोन्ही सल्ले शेतकऱ्यास वेगवेगळ्या वेळी मिळतात. परंतु अखेर ते एकाच मातीत एकत्र येतात. म्हणून मागील वर्षी शेतात कोणते तणनाशक पडले हे विचारल्याशिवाय हिरवळीच्या पिकाची शिफारस करणे अपुरे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिंगोली जिल्ह्यापुरता विचार करू. कळमनुरी, सेनगाव व औंढा नागनाथ या तालुक्यांत खरिपात सोयाबीनचा पेरा मोठा असतो. त्यात इमॅझेथापायर व क्लोरिम्युरॉन इथाईल ही तणनाशके वापरली जातात. वसमतकडे पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर हळद व ऊस होतो. तेथे मेट्रिब्युझीन व ॲट्राझीन यांचा वापर आढळतो. ही औषधे फवारणीबरोबर नाहीशी होत नाहीत. त्यांचा काही अंश मातीत राहतो. जमिनीतील सूक्ष्म जीव तो हळूहळू मोडतात आणि या कामासाठी त्यांना ओलावा व ऊब दोन्ही लागतात. फवारणीनंतर पावसाने ताण दिला, तर हे काम मंदावते. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ साली आपण पाहिला. अशा वर्षी औषध फवारून किती महिने झाले, यापेक्षा त्यांतील किती दिवस जमीन ओली होती, हे मोजणे अधिक उपयुक्त ठरते.

दुसरी गोष्ट आपल्या जमिनीची. काळ्या भारी जमिनीचा सामू बहुधा ७.५ च्या वर असतो. क्लोरिम्युरॉन ज्या सल्फोनिलयुरिया कुळातील आहे, ती औषधे आम्ल जमिनीत लवकर विघटित होतात, विम्लधर्मी जमिनीत मात्र रेंगाळतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात गव्हासाठी वापरलेल्या, याच कुळातील क्लोरसल्फ्युरॉनचे अवशेष मागाहून येणाऱ्या मेडिक या द्विदल चारापिकास बाधू लागले. तेव्हा हे अवशेष सोसणारा ‘एंजल’ नावाचा वाण तेथील संशोधकांना तयार करावा लागला. जमिनीचा धर्म सारखा असेल, तर तेथील अनुभव आपणासही विचारात घेतला पाहिजे.

बाधा झालेले पीक ओळखता येते. ॲट्राझीनच्या अवशेषात ताग नीट उगवतो, पण खरी पाने फुटल्यावर पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. सल्फोनिलयुरियाच्या अवशेषात शेंडा खुंटतो, मुळे आखूड राहतात व त्यांवरील गाठी कमी होतात. ज्या गाठींसाठी हे पीक घ्यावयाचे, त्याच नसतील, तर नत्र कोठून मिळणार? पाणी साचल्याने किंवा चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात, हे ध्यानी ठेवावे. मात्र खरे कारण न शोधता दोष बियाण्यास दिला जातो आणि पुढील वर्षी शेतकरी हिरवळीचे खतच सोडून देतो. माझ्या मते हेच सर्वांत मोठे नुकसान आहे.

यावर उपाय घरच्या घरी करता येतो. मे महिन्याच्या मध्यास शेतातील पाच-सहा ठिकाणांहून वरच्या १५ सेंटिमीटर थरातील माती घेऊन एकत्र करावी. जेथे तणनाशक कधी पडले नाही अशा, परंतु त्याच प्रतीच्या जमिनीची माती वेगळी घ्यावी. बुडाशी भोके पाडलेल्या डब्यांत दोन्ही भराव्यात. प्रत्येकात एकाच पिशवीतील तागाचे दहा-दहा दाणे पेरून सारखे पाणी व सारखे ऊन द्यावे. केवळ उगवण पाहून निष्कर्ष काढू नये. तीन आठवडे थांबून उंची, पाने व मुळे यांची तुलना करावी. मृगाच्या पेरणीपूर्वी उत्तर हाती येते.

फरक दिसल्यास पिकाची निवड बदलावी. ॲट्राझीन पडलेल्या रानात ज्वारी किंवा मका चाऱ्यासाठी घेता येतो. इमॅझेथापायर पडलेल्या रानात ज्वारी व मोहरी टाळून द्विदल पीक घेणे अधिक सुरक्षित. उसाच्या पट्ट्यांत ताग घ्यावयाचा असेल, तर त्या पट्ट्यांत ॲट्राझीन किंवा मेट्रिब्युझीन फवारूच नये. शेणखत व ओलावा यांनी सूक्ष्म जीवांस बळ मिळून अवशेष लवकर मोडण्यास साह्य होते.

तणनाशके टाकून द्यावीत, असे माझे म्हणणे नाही. जुलैत झड लागली की कोळपे चालत नाही, निंदणीस मजूर मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. परंतु इमॅझेथापायर १० टक्के औषधाचे प्रमाण एकरी ४०० मिली आहे. त्याहून अधिक घालणे किंवा एकाच पट्ट्यावर दोनदा फवारणे म्हणजे पुढील पिकावर बोजा टाकणे होय.

यास्तव शेतकरी बंधूंनी औषधाची पावती जपून ठेवावी आणि गट, तारीख व मात्रा वहीत लिहावी. गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांनी तागाचे बियाणे देताना ती वही प्रथम पाहावी. असे झाले, तर एका सल्ल्याने दुसऱ्याचे नुकसान होणार नाही आणि हिरवळीच्या खतावरील शेतकऱ्याचा विश्वास टिकून राहील.