वेगाला बक्षीस, श्रमाला दंड

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये वसलेल्या चिखलोलीतून आनंदनगर औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार जुन्या सायकलीला मोटार आणि बॅटरी जोडतो, तेव्हा तो चैन करीत नसतो. रिक्षाचे भाडे आणि गुडघ्यांची झीज वाचवीत असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशा सायकलीला नोंदणी लागत नाही. ही मर्यादा रास्तच आहे. रस्त्यावर पायी चालणाऱ्याचाही हक्क आहे.

परंतु सरकारांची दानत पाहा. २०१९ साली सुरू झालेल्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात दुचाकीला अनुदान हवे, तर तिने ताशी ४० किलोमीटर वेग गाठलाच पाहिजे, अशी अट होती. म्हणजे नियम पाळणारी सायकल अनुदानाबाहेर! राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेवरील मोटारगाड्यांना अटल सेतूवर पथकरमाफी मात्र बहाल केली.

अशा वेळी वेग वाढवून देणारा दुकानदार पुढे सरसावतो. कंट्रोलर बदलून मर्यादा ओलांडली, की तीच सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. ब्रेक मात्र सायकलीचेच राहतात. नफा दुकानदाराचा, दंड आणि अपघात कामगाराचा.

तेव्हा मर्यादेतील सायकलीला अनुदान द्या, स्थानकांवर चार्जिंगसह सायकलतळ उभारा आणि दंडाची पावती आधी विक्रेत्याच्या नावे फाडा. मोटारगाडीचा पथकर ज्यांना सोडता येतो, त्यांनी कामगाराच्या सायकलीपुढे रित्या तिजोरीचे रडगाणे गाऊ नये.