विश्लेषण : इंटरनेटच्या केबललाही ‘कान’ असतात? भूकंप, लाव्हा, व्हेल टिपणारे तंत्रज्ञान नेमके काय आहे?

आइसलँडमधील ग्रिंडाविक हे मासेमारीवर जगणारे छोटे शहर १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री रिकामे करण्यात आले. जमिनीखाली मॅग्मा सरकत होता आणि जवळपास चार हजार रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या भागातील सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या दूरसंचार केबलला एक लेझर उपकरण जोडले. नवी केबल टाकावी लागली नाही, की ठिकठिकाणी भूकंपमापक पुरावे लागले नाहीत. तरीही पुढच्या काळात मॅग्मा खडकांत घुसण्याच्या नऊ घटना या केबलने टिपल्या. त्यातील सहा वेळा प्रत्यक्ष उद्रेक झाला. एप्रिल २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. लाव्हा बाहेर पडण्याच्या अर्धा तास ते काही तास आधी इशारा देणे शक्य असल्याचे त्यातून दिसले.

एरवी ज्या केबलमधून व्हिडीओ आणि यूपीआयचे व्यवहार धावतात, तिला जमिनीची हालचाल कळते कशी?

काचेला हादरा कसा समजतो?

या तंत्राचे नाव डिस्ट्रिब्युटेड अकूस्टिक सेन्सिंग, थोडक्यात ‘डीएएस’. फायबर म्हणजे केसाएवढा बारीक काचेचा तंतू. तो कितीही शुद्ध बनवला, तरी काच थंड होताना तिच्यात घनतेचे अतिसूक्ष्म चढउतार राहतातच. लेझरचा स्पंद सोडला की या प्रत्येक ठिकाणाहून प्रकाशाचा अगदी किंचित अंश मागे फिरतो. विहिरीत हाक मारली की एक प्रतिध्वनी येतो. इथे जणू विहिरीच्या प्रत्येक विटेकडून वेगळा प्रतिध्वनी येतो.

काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे एखादा प्रतिध्वनी १०० मायक्रोसेकंदांनी परतला, तर तो १० किलोमीटरवरून आला हे साध्या गणिताने कळते. जमीन हलली की केबलही किंचित ताणली किंवा आखडली जाते आणि त्या तुकड्यातून परतणाऱ्या प्रकाशाची कला, म्हणजेच फेज, बदलते. हा ताण किती? १० मीटरचा तुकडा मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढा लांबला, तरी चांगल्या उपकरणाला ते जाणवू शकते. स्पंद सेकंदाला शेकडो वेळा सोडले जातात. म्हणजे दर काही मीटरवर एक भूकंपमापक ठेवल्यासारखीच ही व्यवस्था झाली. वीज आणि उपकरण मात्र एकाच टोकाला लागते.

दूरसंचार कंपन्या केबल टाकताना गरजेपेक्षा जास्त तंतू टाकून ठेवतात. वापरात नसलेल्या या तंतूंना ‘डार्क फायबर’ म्हणतात. बरेचसे प्रयोग त्यांच्यावरच झाले आहेत.

खरा उपयोग समुद्रात का?

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे आणि भूकंपमापक मात्र बहुतांश जमिनीवर. समुद्रतळावर उपकरण ठेवायचे तर जहाज हवे, बॅटरी हवी आणि नोंदी परत आणायला पुन्हा जहाज हवे. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी उपसागरात ५१ किलोमीटर लांबीची एक संशोधन केबल आहे. मार्च २०१८ मध्ये ती देखभालीसाठी बंद होती. तेवढ्या चार दिवसांत शास्त्रज्ञांनी तिच्या २० किलोमीटर भागाचे जवळपास १० हजार संवेदकांत रूपांतर केले. त्याच वेळी गिलरॉयजवळ ३.४ रिश्टरचा भूकंप झाला आणि त्याच्या लहरींवरून समुद्राखालच्या आधी नकाशावर नसलेल्या भ्रंशरेषा उजेडात आल्या.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २०२० च्या उन्हाळ्यात १२० किलोमीटरच्या केबलवर व्हेल माशांचे आवाज ऐकू आले. व्हेल कुठे आहे, कोणत्या दिशेने चालला आहे, हेही काढता आले.

भूकंपाचे भाकीत होणार का?

नाही. समाजमाध्यमांवर हे तंत्र ‘भूकंप आधीच ओळखणारी केबल’ म्हणून फिरू लागले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. भूकंप सुरू झाल्यावरच केबलला तो कळतो. फायदा होतो तो सेकंदांचा. भूकंपाच्या विध्वंसक लहरी सेकंदाला तीन-चार किलोमीटर वेगाने येतात, काचेतला प्रकाश त्याहून हजारो पटींनी वेगवान. केंद्र समुद्रात आणि केबल त्याच्या जवळ असेल, तर किनाऱ्यावरील शहराला थोडा जास्त वेळ मिळू शकतो. ज्वालामुखीचे गणित वेगळे. मॅग्मा वर यायला वेळ घेतो, म्हणून आइसलँडमध्ये मिनिटे आणि तास हाती आले.

मर्यादाही आहेत. केबल जमिनीला घट्ट धरून नसेल तर नोंद बिघडते. तंतू मुख्यतः आपल्या लांबीच्या दिशेतला ताण ओळखतो, आडव्या येणाऱ्या लहरी त्याला नीट कळत नाहीत. शिवाय डीएएसची नजर साधारण शंभरेक किलोमीटरपर्यंतच जाते. महासागरी केबलमध्ये ठराविक अंतरावर रिपीटर असतात आणि ते परतणारा क्षीण प्रकाश पुढे जाऊ देत नाहीत.

त्यावर दोन वाटा निघाल्या. गुगलच्या लॉस एंजेलिस ते चिलीतील वालपाराइसो या १० हजार किलोमीटरहून लांब ‘क्युरी’ केबलमधील नेहमीच्या इंटरनेट प्रकाशाचे ध्रुवीकरण तपासून भूकंप ओळखता आले. हा अभ्यास २०२१ चा. त्यात नवे उपकरण बसवावे लागले नाही, पण अख्खी केबल एकच संवेदक ठरते, त्यामुळे हादरा कुठे बसला ते त्यावरून कळत नाही. २०२२ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पथकाने ब्रिटन-कॅनडा केबलमध्ये रिपीटरवरून परतणाऱ्या प्रकाशाचा वापर करून प्रत्येक टप्पा स्वतंत्र संवेदक बनवला. सध्या तरी हा मार्ग जास्त आशादायक दिसतो.

भारतात कुठे वापर?

रेल्वेत, आणि तोही हत्तींसाठी. ईशान्य सीमा रेल्वेने डिसेंबर २०२२ मध्ये रुळांलगतच्या ऑप्टिकल फायबरवर हत्तींच्या पावलांची कंपने ओळखणारी यंत्रणा प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. २०२३ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी ‘गजराज’ नावाने ती सुमारे ७०० किलोमीटर मार्गावर नेण्याची १८१ कोटींची योजना जाहीर केली. हत्ती, माणूस आणि मालगाडी यांच्या कंपनांतला फरक संगणक ओळखतो. तेलवाहिन्यांजवळ कुणी खोदत असेल तर ते टिपण्यासाठीही याच जातीची उपकरणे वापरली जातात.

मग अडचण कशाची?

जी केबल हत्तीचे पाऊल ओळखते, ती माणसाचेही ओळखू शकते. जी व्हेल ऐकते, ती जहाजही ऐकते आणि पाणबुडीही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘ओशन नेटवर्क्स कॅनडा’ या वेधशाळेच्या पाण्याखालील मायक्रोफोनच्या नोंदी नौदलाच्या गरजेनुसार काही काळ वळवल्या जातात, त्या वेळचा डेटा लगेच खुला होत नाही. एका केबलवरून दिवसाला काही टेराबाइट नोंदी येतात. त्या कुणाच्या, कोण ऐकणार आणि कधी, याची उत्तरे तंत्रज्ञान देत नाही. किनारा सांभाळणारे कोणतेही नौदल हे प्रश्न सोडून देणार नाही. पोर्तुगालने मुख्य भूमी, अझोर्स आणि मदैरा यांना जोडणाऱ्या नव्या केबलमध्ये संवेदक आधीच बसवायचे ठरवले. मात्र ती सरकारी पुढाकाराची केबल आहे. जगातील बहुतेक समुद्री केबल खासगी कंपन्यांच्या किंवा त्यांच्या गटांच्या मालकीच्या आहेत.

मुंबईचा विषय इथेच येतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अनेक आंतरराष्ट्रीय केबल उतरतात. पाकिस्तान-इराण किनाऱ्यालगतच्या मकरान पट्ट्यात नोव्हेंबर १९४५ मध्ये झालेल्या मोठ्या भूकंपानंतरची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली होती आणि इथेही बळी गेले होते. आज त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र हैदराबादेतील ‘इन्कॉइस’मध्ये २००७ पासून चालते. त्याची भिस्त भूकंपमापक, समुद्रतळावरील दाबमापक आणि किनाऱ्यावरील भरतीमापकांवर आहे. वर्सोव्यात डीएएस बसवले, तरी किनाऱ्यालगतचा शंभरेक किलोमीटरचा पट्टाच ऐकू येईल. मकरान त्याच्या कितीतरी पलीकडे आहे. तिथपर्यंत कान न्यायचा तर रिपीटर ओलांडणारी पद्धत लागेल, आणि त्यासाठी केबलमालक कंपन्यांची तसेच केबल ज्या देशांच्या सागरी हद्दीतून जाते त्या देशांची परवानगी.