दवाखान्यातले बेसिन आणि आपला डबा

घरातले माणूस जास्त आजारी झाले की आपण गाडी करून जळगाव नाही तर धुळे गाठतो. पेशंट एक आणि सोबत चार जण, हा आपल्या खान्देशचा रिवाजच. डबा घरचा, चहा थर्मासातला. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना एका दवाखान्यात आठ दिवस ठेवावे लागले. खाटेजवळ हात धुण्याचे बेसिन होते. मी रोज त्यातच डबा विसळला, उरलेला चहा ओतला. सगळेच तसे करत होते. वडील बरे होऊन घरी आले, म्हणून ती चूक तेव्हा कळलीही नाही. पुढे याविषयी वाचले तेव्हा अंगावर काटा आला.

शेतकरी बंधूंनो, ठिबकच्या नळीतला बुळबुळीत थर आपल्या ओळखीचा आहे. एंड कॅप काढून नळी धुतली तरी तो सगळा निघत नाही. क्लोरीन सोडावे लागते, आणि दुर्लक्ष केले की ड्रीपर पुन्हा बंद. त्या थरात जिवाणूंची वस्ती असते. बेसिनखाली जो वाकडा पाइप असतो, त्यात गटारीचा वास वर येऊ नये म्हणून थोडे पाणी कायम साचलेले असते. तिथेही असाच थर धरतो. वरून फिनेल ओतले तरी आतले जिवाणू थराच्या आडोशाने वाचतात.

फरक एवढाच, की दवाखान्यातल्या जिवाणूंची रोज भारी अँटिबायोटिकशी गाठ पडते. कमजोर असतील ते मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास होते. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कपाशीचे काय केले ते आठवा. बियाणे बीटीच होते, पण अळी ते पचवून बसली होती. जिवाणू तर याच्याही पुढचे. औषध पचवण्याचा गुण ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतात.

हे काही लांबचे दुखणे नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2009 मध्ये ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात, कार्बापेनेम या राखीव औषधालाही दाद न देणारे 24 जिवाणू तपासले. त्यांपैकी 22 मध्ये 'एनडीएम-1' नावाचे जनुक निघाले. 2011 साली दिल्लीची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये तेच जनुक सापडले.

बेसिनचा प्रयोग अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात झाला, तो 2017 साली छापून आला. वाकड्या पाइपातल्या जिवाणूंना खाद्य मिळाले की त्यांचा थर दिवसाला सुमारे एक इंच वर चढतो आणि आठवडाभरात जाळीपर्यंत येतो, असे दिसले. मग नळ सोडला की त्यांचे शिंतोडे अडीच फुटांपर्यंत उडतात. खाद्य कुठले? आपणच ओतलेला गोड चहा, दूध, वरण!

धडधाकट माणसाला त्याने बहुधा काही होत नाही. पण शेजारच्या खाटेवर ऑपरेशन झालेला असतो, कुणाला लघवीची नळी लावलेली असते, कुठे कमी वजनाचे बाळ असते. त्यांच्या अंगात हा जिवाणू शिरला तर डॉक्टरांच्या हातात औषधेच फार थोडी उरतात.

'येथे भांडी धुऊ नयेत' अशी पाटी लावा, की झाले काम, असे काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. पन्नास किलोमीटरवरून आलेल्या बाईने डबा धुवायचा कुठे? जागा न देता पाटी लावणे म्हणजे गोठा न बांधता गुरांना मोकाट म्हणण्यासारखे आहे. नातेवाइकांसाठी वॉर्डाबाहेर पाण्याची सोय असलेली वेगळी मोरी हवी, आणि खाटेजवळचे बेसिन फक्त हात धुण्यासाठी हवे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांनाही सांगणे आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत रंगरंगोटीचा विषय निघतो, तसा मोरीचा आणि तुंबलेल्या बेसिनचाही काढा. सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' योजना 2015 पासून आहे. तिच्या तपासणीच्या आधी चुना मारण्यापेक्षा सांडपाण्याचे पाइप पाहा. गळका पाइप, उलटे येणारे पाणी, जाळीवरचा चिकटा, हे सगळे साध्या डोळ्यांना दिसते.

आणि आपण? चहा, दूध, उरलेले औषध बेसिनमध्ये ओतायचे नाही. बेसिनच्या कडेला ताटवाटी, औषध, बाळाचे कपडे ठेवायचे नाहीत. हात मात्र साबणाने जरूर धुवायचे, त्यात कसूर नको.

शेतात पाणी येते कुठून हे आपण पाहतोच, पण ते मुरते कुठे हेही पाहतो. दवाखान्यातही तीच नजर ठेवू या.